पंधरा पावलांवरचं युद्ध

थ्री-नॉट-थ्री रायफल मराठी माणसाला अनोळखी नाही. पोलिसांच्या खांद्यावर ती कित्येक दशकं दिसली. एनसीसीच्या मुलांनी तिच्यासह कवायत केली. फार थोड्यांनी तिच्या मागच्या माशीवरचे आकडे नीट वाचले असतील: दोनशे यार्डांपासून ते चढत चढत दोन हजारांपर्यंत जातात. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश पायदळात कसलेल्या शिपायाकडून एका मिनिटात तीनशे यार्डांवर नेम धरून पंधरा गोळ्यांची अपेक्षा असे. ज्यांनी ही बंदूक घडवली त्यांच्या डोळ्यांपुढे मोकळं रान होतं. त्यात युरोपची शेतं होती, सरहद्द प्रांतातले उघडे डोंगर होते, वाळवंट होतं.

१९४२ मध्ये हीच बंदूक घेऊन भारतीय शिपाई ब्रह्मदेशाच्या जंगलात उतरला. तिथल्या बांबूच्या बेटांत पंधरा पावलांपलीकडे काही दिसत नसे. अंतराचा अंदाज, वाऱ्याचा हिशोब, माशीचे आकडे यातलं काहीच कामाला येईना. शत्रू म्हणून दिसायचं ते एखादं हललेलं पान, आणि पुष्कळदा तेही नाही. या रानात लढायला शिकण्यात भारतीय सैन्याची दोन वर्षं गेली. त्या शिक्षणातला मोठा भाग बंदूक कधी चालवायची नाही, याचा होता.

सुरुवात भीषण झाली. जपानी सैन्य ८ डिसेंबर १९४१ रोजी मलायात उतरलं आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ब्रह्मदेशात जी सतरावी भारतीय डिव्हिजन लढली, ती १९४१ मध्ये अहमदनगरला उभी राहिली होती. तिची तयारी मध्यपूर्वेच्या वाळवंटासाठी चालली होती. मोटारी भरपूर, म्हणून सगळी हालचाल रस्त्याला बांधलेली. जपानी तुकड्या समोरून थोडा रेटा देत आणि मुख्य बळ जंगलातून वळसा घालून पाठीमागे रस्ता अडवत. पाठीमागे गोळीबार ऐकू आला की पुढची फळी ढासळे. २३ फेब्रुवारीला सित्तांग नदीवरचा पूल उडवावा लागला, तेव्हा डिव्हिजनचा बराच भाग अजून पलीकडच्या तीरावरच होता. माणसं पोहून, बांबूचे तराफे बांधून अलीकडे आली. दुसऱ्या दिवशी मोजदाद झाली: सुमारे साडेतीन हजार पायदळ आणि १,४२० रायफली. निम्म्याहून अधिक शिपायांच्या हातात बंदूकच नव्हती. तिथून इंफाळपर्यंतची माघार नऊशे मैलांची होती. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातली ती सर्वांत लांब माघार मानली जाते.

या पराभवातून एक समजूत पसरली, की जपानी शिपाई जन्मजात जंगलातला लढवय्या आहे. तसं मुळीच नव्हतं. जपानमधल्या शेतकऱ्याच्या पोराला उष्णकटिबंधातलं रान जितकं परकं, तितकंच साताऱ्याच्या किंवा रोहतकच्या पोरालाही. फरक सवयीचा आणि तयारीचा होता. पण समजूत ही शस्त्राइतकीच मारक असते. १९४२ च्या हिवाळ्यात ती भारतीय फौजेत खोल रुजली होती.

शिपायाच्या अंगावर काय काय असे ते एकदा पाहू. रायफल चार किलोच्या आसपास. गळ्यात कापडी पट्ट्यात पन्नास राऊंड. कमरेला संगीन. दोन-तीन हातबॉम्ब, एकेक पाऊण किलोचा. ब्रेनगन, म्हणजे हलकी मशीनगन, दहा जणांच्या सेक्शनमध्ये एकच, पण तिची भरलेली मॅगझिनं सगळ्यांच्या खिशांत वाटून दिलेली, कारण सेक्शनची खरी ताकद त्या एका बंदुकीत होती. त्याशिवाय पाण्याची बाटली, फावडं, कांबळं, शिधा. १९४३ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश अधिकारी विंगेट यांची चिंडिट ब्रिगेड शत्रूच्या पिछाडीत घुसली. तिच्या रोजच्या शिध्यात शंकरपाळ्याच्या जातीची बिस्किटं होती, बारा औंस. सोबत मनुका-बदाम, थोडं चीज, चहा, साखर, मीठ. घरी दिवाळीच्या डब्यात राहणारा हा पदार्थ तिथे आठवडेच्या आठवडे मुख्य जेवण होता. सुमारे तीन हजार जण गेले, २,१८२ परतले, आणि परतलेल्यांपैकी सहाशेच्या आसपास पुन्हा लढण्याजोगे राहिले नाहीत.

पाऊस हा स्वतंत्र शत्रू होता. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातल्या पोरांना पावसाची सवय, पण महिनोन् महिने छपराविना, चिखलाच्या खड्ड्यात बसून पाऊस अंगावर घ्यायची सवय कोणालाच नसते. बूट पायावरच कुजत. जळवा बुटांच्या दोऱ्यांच्या भोकांतून शिरत. ओढून काढली तर जळूचं तोंड कातडीत राहतं आणि जखम चिघळते, म्हणून मीठ किंवा तंबाखू लावून ती सोडवायची. आणि बंदूक? तिचं लाकूड पाणी पिऊन फुगे, नळीवर दाब येई, नेम सरके. पोलाद एका रात्रीत तांबूस होई. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण असतं, त्याच्या आत तेलाची बारकी बाटली आणि पुल-थ्रू, म्हणजे वजन लावलेली दोरी. दोरीच्या फाशात चिंदी अडकवायची आणि नळीतून खेचायची. रोज सकाळी आणि संध्याकाळी, निम्म्यांनी बंदुका साफ करायच्या आणि निम्म्यांनी पहारा द्यायचा. जेवण चुकलं तरी चालेल, चिंदी चुकता कामा नये, हा दंडक होता. काडतूससुद्धा पुसून ठेवावं लागे. चिखल लागलेलं काडतूस ऐन वेळी अडकतं.

त्यातही या जुन्या बंदुकीचा एक गुण जंगलात उपयोगी पडला. तिचा बोल्ट आखूड फिरतो आणि हलका चालतो. डोळा माशीवरून न हलवता दुसरी गोळी चढवता येते. दहा गोळ्यांचं मॅगझिन त्या काळात मोठंच, कारण जपानी रायफलीत पाचच असत. तिची जड गोळी बांबू आणि मध्यम खोड भेदून जाई. मात्र झाडीत अचानक समोरासमोर गाठ पडली की लांब नळी वेलींत अडके. म्हणून गस्तीत सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या हाती बहुधा टॉमीगन, म्हणजे आखूड स्वयंचलित बंदूक, दिली जाई. जड होती, लांबचा नेम नव्हता, पण पंधरा पावलांवर लांबचा नेम हवा कोणाला? तिची जागा पुढे स्टेनगनने घेतली. ती स्वस्त होती, हलकी होती आणि बेभरवशाची होती. आपटली तर आपोआप सुटे.

हातबॉम्बचीही वेगळी विद्या होती. मिल्स बॉम्ब पिन खेचून फेकल्यावर चार सेकंदांनी फुटतो. मोकळ्यावर तो हवा तिथे पडतो. दाट बांबूत फेकला तर कांबीला आपटून फेकणाऱ्याच्याच पायाशी परत येऊ शकतो. म्हणून तो वरून नव्हे, खालून, गोट्या खेळताना सोडतात तसा जमिनीलगत सोडायला शिकवत.

शत्रूची शस्त्रं शिपायाने डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखली. जपानी अरिसाका रायफल लांबच लांब, सव्वा मीटरहून जास्त, आणि तिची साडेसहा मिलिमीटरची गोळी बारीक. नळी इतकी लांब, की दारू आतच पुरती जळून जाई. परिणामी तोंडाशी ज्वाळा नाही, धूर नाही. झाडावर बसलेला नेमबाज दोघांना पाडून जाई आणि तो कुठे आहे हे कळत नसे. त्यांची जड मशीनगन थांबत थांबत, टकटक वाजे, म्हणून गोऱ्या सोल्जरांनी तिला सुतारपक्ष्याचं नाव दिलं होतं. सर्वांत जास्त त्रास दिला तो पन्नास मिलिमीटरच्या छोट्या उखळी तोफेने. साडेचार-पाच किलोचं नळकांडं, एक माणूस उचलून पळू शकतो. तिच्या तळाचा पत्रा वाकडा होता, त्यामुळे ती मांडीवर टेकवून चालवायची असावी असा दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांचा ग्रह झाला. तसं कोणी केलंच, तर मांडीचं हाड मोडे. ती जमिनीवरच टेकवायची असते.

आणि मग रात्र. जंगलातल्या युद्धाचं गाभ्याचं प्रकरण हेच आहे.

अंधार पडला की जपानी तुकड्यांतली चार-दोन माणसं भारतीय ठाण्याजवळ येत. बांबू वाजवत, फटाके उडवत, एखादी गोळी झाडत, मोडक्या हिंदुस्थानीत किंवा इंग्रजीत हाका मारत. हल्ला करायचा त्यांचा विचारच नसे. त्यांना हवं असे ते उत्तर. घाबरलेला नवा शिपाई चाप ओढे, शेजारचा ओढे, आणि पाच मिनिटांत सगळं ठाणं अंधारात आग ओकू लागे. पलीकडे बसलेला जपानी अधिकारी शांतपणे बघत असे: ब्रेनगन कुठे आहे, कडा कुठे संपते, पोकळ जागा कोणती. खरा हल्ला त्यानंतर, त्या पोकळ जागेवर. शिवाय दारूगोळा वाया गेला तो गेलाच. तो खेचराच्या पाठीवरून किंवा विमानातून आलेला असे.

यावरचा उपाय सांगायला सोपा, करायला अत्यंत कठीण. रात्री रायफल चालवायची नाही. समोर आवाज झाला तरी नाही. अगदीच जवळ आला तर हातबॉम्ब, कारण बॉम्ब कुठून आला ते दिसत नाही. खंदकात उतरला तर संगीन. खोकला आला तर कांबळ्यात तोंड खुपसायचं. दोघांच्या खड्ड्यात एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने जागायचं, बोलायचं नाही, विडी पेटवायची नाही. ज्याच्या हाती बंदूक आहे आणि ज्याला दहा पावलांवर माणसाचा श्वास ऐकू येतोय, त्याने चाप ओढू नये, याला किती जिगर लागत असेल! धावून जाण्याच्या शौर्याचे पोवाडे होतात. या गप्प बसण्याच्या शौर्याचे झाले नाहीत. पण ब्रह्मदेशातल्या युद्धाला कलाटणी मिळाली ती भारतीय शिपाई असा गप्प बसायला शिकला तेव्हापासून.

हे शिक्षण कुठे झालं? १९४३ च्या उन्हाळ्यात दिल्लीत पायदळाच्या सुधारणेसाठी समिती बसली आणि दोन अख्ख्या डिव्हिजन लढाईतून काढून निव्वळ प्रशिक्षणाला लावण्यात आल्या. एक सहारनपूरकडे, दुसरी छिंदवाड्याला. छिंदवाडा म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांताचं, नागपूरच्या उत्तरेचं रान. रेजिमेंटच्या केंद्रातून कवायत शिकून बाहेर पडलेला रंगरूट आता थेट आघाडीवर जात नसे. आधी दोन महिने जंगलात राहायला शिके. वाट नसताना चालणं, होकायंत्र वापरणं, नाला ओलांडणं, पाण्याचा शोध, वीस पावलांवर अचानक उठणाऱ्या पुतळ्यावर कमरेवरून गोळी झाडणं. त्या वर्षी फौजेने जंगल युद्धाची पुस्तिकाही काढली. खाकी कपडे रंगवून हिरवे करण्यात आले. भांडी वाजू नयेत म्हणून चिंध्या बांधल्या गेल्या. १९४४ च्या चिंडिट मोहिमेसाठी तर खेचरांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून त्यांचं ओरडणं बंद केलं. त्या मुक्या जनावरांवर झालेला हा अन्याय युद्धाच्या इतिहासात ओळीभरात संपतो.

चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी भीती काढायचा मार्गही विचारपूर्वक निवडला. आधी लहान गस्ती पाठवायच्या आणि त्या यशस्वी होऊन परतल्या की गोष्ट सगळ्यांना ऐकवायची. मग छोट्या ठाण्यावर मोठ्या बळाने हल्ला: जपानी कंपनीवर अख्खी ब्रिगेड, प्लाटूनवर अख्खी बटालियन. टीका झाली, की हे अतीच आहे. पण हरायची सवय लागलेल्या माणसाला जिंकायची सवय लावणं हाच हेतू होता.

याच स्लिम यांनी दुसरी एक लढाई गोळी न झाडता जिंकली. १९४३ मध्ये त्यांच्या सैन्यात एका जखमीमागे १२० जण आजारी म्हणून मागे पाठवले जात होते. वर्षाकाठी मलेरियाचं प्रमाण एकूण संख्येच्या ८४ टक्के. म्हणजे रायफलधारी जपानी शिपायापेक्षा डास कितीतरी अधिक माणसं गारद करत होता. मेपाक्रिन नावाची पिवळी गोळी रोज घ्यायची होती. कातडी पिवळी पडे, आणि पुरुषत्व जातं अशी अफवा पसरली होती, म्हणून पोरं ती गुपचूप थुंकून टाकत. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. ज्या तुकडीत ९५ टक्क्यांहून कमी लोकांच्या शरीरात औषध सापडेल, तिच्या कमांडिंग ऑफिसरला काढायचं. तिघांना काढावं लागलं, बाकीचे समजले. आजाऱ्याला शेकडो मैल मागे भारतात पाठवण्याऐवजी आघाडीपासून थोड्याच मैलांवर उपचार सुरू झाले. पूर्वी मलेरिया झालेला शिपाई पाचेक महिने गायब असे, आता तीन आठवड्यांत परत येऊ लागला. १९४५ मध्ये आजारपण दिवसाला हजारी एकावर आलं. कोणतीही नवी बंदूक इतकी माणसं लढाईत परत उभी करू शकली नसती.

या शिकवणीची परीक्षा १९४४ च्या मार्चमध्ये झाली, आणि त्यात मराठी पोरं होती. मणिपूरच्या उखरूल भागात सांगशाक नावाचं नागा गाव आहे. पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड तिथे होती, आणि तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. कोहिमाच्या रोखाने निघालेली जपानी एकतिसावी डिव्हिजन अनपेक्षितपणे याच बाजूला आली. मराठे आणि पॅराट्रूपर २२ मार्चच्या सुमाराला गावाच्या टेकडीवर एकवटले. जागा तोकडी, जमीन खडकाळ. तीन फुटांच्या खाली फावडं चालेना. काटेरी तार नव्हती. पाण्याची टंचाई. विमानातून टाकलेल्या पुष्कळशा पेट्या एवढ्याशा घेऱ्यात न पडता शत्रूच्या हाती गेल्या. चार दिवस-रात्र हल्ले होत राहिले. टेकडीच्या टोकावर चर्च होतं; ते हातचं गेलं, परत घेतलं, पुन्हा गेलं. उथळ खंदकांत मेलेली माणसं आणि खेचरं तशीच पडून होती, पुरायला माती नव्हती. एका ठार झालेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला आणि कोहिमावर जाणारा त्यांचा बेत उघड झाला.

२६ तारखेच्या रात्री बाहेर पडण्याचा हुकूम आला. उरलेले लोक चालता येणाऱ्या जखमींना घेऊन अंधारात जंगलातून इंफाळकडे निघाले. ब्रिगेडचे सुमारे सहाशे जण कामी आले, जखमी झाले किंवा हरवले. पण जपान्यांचे मौल्यवान दिवस तिथे गेले. त्याच दिवसांत, १९ मार्चपासून, पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानहून तोफा आणि खेचरांसकट विमानाने इंफाळकडे आणली जात होती. सांगशाकला जे चार दिवस मिळाले, ते नसते तर कोहिमात जपान्यांना अडवायला कोण असतं, हा प्रश्न मनाला घोर लावतो. इटलीतल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची आठवण महाराष्ट्र ठेवतो, ते योग्यच आहे. सांगशाकच्या मराठ्यांची गोष्ट मात्र आपल्या शाळांत पोहोचायला हवी होती आणि पोहोचली नाही.

इंफाळ-कोहिमाची लढाई जुलैत संपली तेव्हा सुमारे ८५ हजारांच्या जपानी सैन्यातले ५३ हजारांच्या आसपास मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. त्यांत भुकेने आणि आजाराने गेलेले फार. जो पक्ष १९४२ मध्ये जंगलाचा दोस्त वाटत होता, त्याच्याजवळ अन्न पोहोचवायची व्यवस्था नव्हती, आणि जंगलाने त्याला गिळलं.

जंगलासाठी म्हणून घडवलेली रायफल १९४४ मध्ये आली खरी. जंगल कार्बाइन म्हणून ती ओळखली जाते. नळी आखूड, वजन किलोभर कमी, तोंडाला ज्वाळा झाकणारा नरसाळ्यासारखा भाग. पण आखूड नळीतून तीच जोरकस काडतुसं सुटल्याने खांद्याला जबर दणका बसे, आणि नेम एका जागी टिकत नाही अशी तक्रार कायम राहिली. बहुसंख्य भारतीय शिपायांनी युद्ध संपवलं ते आपल्या जुन्याच बंदुकीने.

ती बंदूक काय सोसू शकते आणि ती धरणारा माणूस काय सोसू शकतो, हे १९४५ च्या मे महिन्यात ताउंगडॉ इथे दिसलं. आठव्या गुरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनचा रायफलमन लछिमन गुरुंग इरावतीच्या पश्चिम तीरावरच्या सर्वांत पुढच्या खंदकात होता. उंची पाच फुटांहून इंचभर कमी. शांततेच्या काळात एवढ्या बुटक्या माणसाला फौजेत घेतलंच नसतं. १२-१३ मेच्या मध्यरात्रीनंतर दोनशेच्या आसपास जपानी चालून आले. खंदकाच्या काठावर बॉम्ब पडला, त्याने उचलून परत फेकला. दुसरा आत पडला, तोही फेकला. तिसरा हातातच फुटला. उजव्या हाताची बोटं गेली, हात तुटल्यासारखा झाला, चेहऱ्यात आणि पायात तुकडे घुसले. शेजारचे दोघे जखमी होऊन पडले.

थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट उजव्या बाजूला असतो. उजवा हात निकामी झालेल्या माणसाने ती चालवायची म्हणजे बंदूक कशाला तरी टेकवायची, डावा हात वरून पलीकडे नेऊन बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, मग तोच हात चापावर आणायचा. प्रत्येक गोळीसाठी हे सगळं. पाच गोळ्यांची क्लिप दाबून मॅगझिनमध्ये भरायची तीही त्याच एका हाताने. लछिमन गुरुंगने हे चार तास केलं. प्रत्येक वेळी शत्रू अगदी जवळ येईपर्यंत तो थांबे आणि मगच झाडी. सकाळी कंपनीच्या आसपास ८७ जपानी मृतदेह मोजले, त्यांतले ३१ त्याच्या सेक्शनसमोर होते.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, डिसेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात तो त्याच्या छातीवर लावला गेला. उजवा डोळा आणि उजवा हात मात्र परत आले नाहीत. पुढे तो नेपाळला आपल्या गावी शेती करू लागला. ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गुरखा निवृत्तांना द्यायला तिथलं सरकार दशकानुदशकं तयार नव्हतं. १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांपैकी बहुतेकांना तर नकारच मिळे. त्यांनी कोर्टात दाद मागितली, रस्त्यावर उतरले, आणि नव्वदीच्या घरातले लछिमन गुरुंग त्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले. मे २००९ मध्ये सरकारला नमावं लागलं आणि चार वर्षं सेवा केलेल्या प्रत्येक गुरख्याला तो हक्क मिळाला. २०१० च्या डिसेंबरमध्ये लछिमन गुरुंग लंडनमध्ये वारले.